खालची कड

एक नंबरच्या भट्टीचं दार फुटलं ते मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीच्या थोडं आधी. आवाज फारसा झालाच नाही. जाड प्लेट तडकली, दाराचा खालचा एक तुकडा निखळला आणि साखळीच्या मुठीशी उभ्या असलेल्या भट्टीवाल्याच्या डाव्या हातावर घासून खाली पडला. हातमोजा होता म्हणून हात वाचला, पण तळवा चांगलाच भाजला. दोन बोटं आता पूर्ण मिटत नाहीत, आणि पुढे मिटतील असं डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नाहीत.

दुसऱ्या दिवशीच्या चहापर्यंत अख्ख्या कारखान्याला कारण ठाऊक झालं होतं. भट्टीवाला रोज त्याच सुमारास पाइपाने फरशी धुतो. गार पाणी तापलेल्या दारावर उडालं असणार आणि दार तडकलं असणार. यात न कळण्यासारखं काय आहे? ज्यांनी जन्मात कधी भट्टीजवळ पाऊल ठेवलं नव्हतं ते ऑफिसातले लोकसुद्धा "पाणी, दुसरं काय!" म्हणून मान हलवत होते. माणसाला कारण मिळालं की तो फार लवकर शहाणा होतो.

हा भट्टीवाला जाळीवाल्याचा सख्खा मामा, आणि फुटलेलं दार जाळीवाल्याने बेतलेलं.

जाळीवाला हे अर्थात त्याचं खरं नाव नव्हे. तोंडावर सगळे त्याला साहेब म्हणायचे, पाठ वळली की जाळीवाला. त्याचं कामच तसं होतं. लोखंडाचा कुठलाही भाग घ्यायचा, त्याचं चित्र कॉम्प्युटरवर काढायचं, त्या चित्राचे हजारो बारीक तुकडे पाडायचे, म्हणजे त्यावर जाळी विणायची, आणि मग एकेका तुकड्याला विचारायचं, बाबा रे, तू किती तापलास आणि शेजारचे तुला किती ओढतायत? सगळ्यांची उत्तरं एकत्र आली की पडद्यावर रंग उमटतात. निळा म्हणजे निवांत, लाल म्हणजे आता मी जातो. खाली शॉपमध्ये गेला की कोणीतरी हमखास विचारायचं, "काय साहेब, आज जाळीत किती मासे?" तोही हसायचा. बावीस वर्षं हसत होता.

वडील गेले तेव्हा तो सात वर्षांचा होता. मामा-मामीला मूल नव्हतं, घर दोन खोल्यांचं होतं, आणि मामाने त्याला हाताला धरून आणलं ते कायमचंच. त्याच्या गणिताच्या वह्यांतलं मामाला ओ की ठो कळत नसे. तरी रोज संध्याकाळी तो वही उघडून बघायचा आणि समास सरळ आहे म्हणून शाबासकी द्यायचा. पोरगा पुढे शिकला, त्याच कारखान्यात साहेब होऊन आला, तेव्हा मामाने भट्टीवरच्या प्रत्येक माणसाला कामातून उठवून ही बातमी सांगितली होती. आणि पाच महिन्यांपूर्वी भाच्याने बेतलेलं नवं, हलकं दार भट्टीवर चढलं, तेव्हा मामा ते उघडून-मिटून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होता. "एका हाताने उचलतं बघा. आमच्या सोन्याचं दार आहे."

चौकशीसाठी कमिटी बसली. दहा दिवसांनी, शुक्रवारी सकाळी, मोठ्या साहेबांनी जाळीवाल्याला केबिनमध्ये बोलावलं.

"मला संध्याकाळपर्यंत एक पान हवंय," ते म्हणाले. "दार बरोबर, पाणी चूक. सोबत तुमचं ते रंगीत चित्र लावा. चित्र असलं की कमिटी वाद घालत बसत नाही."

"बरं."

"तुमचे मामा आहेत ते, मला माहीत आहे. अवघड वाटत असेल तर बाहेरून कोणाला तरी सांगतो."

"नको. मीच करतो," जाळीवाला म्हणाला. परक्याच्या हातात कागद गेला तर मामाची पार धूळधाण करेल, आपण निदान शब्द सांभाळून लिहू, असा त्याचा विचार होता. विचार चांगलाच होता म्हणायचा.

सुरुवातीला त्याने कामही प्रामाणिकपणे केलं, हे सांगायला हवं. दाराची जुनी फाइल उघडली. दार सपाट आणि जाडीच्या मानाने चांगलंच लांबरुंद, त्यामुळे ताण फक्त त्या सपाटीत धरायचा, जाडीत धरायचाच नाही. अशा कामाची ती नेहमीची रीत. आधी उष्णता कुठून कुठे जाते ते काढायचं, मग त्यावरून ताण. त्याने पाइप कुठून धरला जातो याचा अंदाज घेतला, दाराच्या उजव्या भागावर दोन हातांच्या ओंजळीएवढं गार पाणी उडवलं, आणि गणित चालवलं.

पाणी पडलं तिथे थोडा पिवळा रंग आला. बाकी दार निळंशार. खऱ्या दाराची भेग निघाली होती ती तळाशी, आत डोकावून बघायला ठेवलेल्या खाचेच्या कोपऱ्यातून. पडद्यावर त्या कोपऱ्याला काहीसुद्धा झालं नव्हतं. हे दार तडकलंच असतं तर भलतीकडेच तडकलं असतं.

त्याने जाळी आणखी बारीक केली. कोपरा निळाच. मग त्याने एकेक कड तपासायला घेतली. वरच्या कडेला काय सांगितलंय, डाव्या कडेला काय, उजव्या कडेला काय, भट्टीकडून किती उष्णता येते, हवेत किती जाते. सगळं जागच्या जागी होतं. यादीच्या शेवटी खालची कड होती आणि तिच्यापुढे काहीच नव्हतं.

जाळीवाल्याने ही फाइल कुठून आली ते पाहिलं.

फाइल मुळात आधीच्या दाराची होती. ते जुनं दार कोरड्या विटांवर टेकायचं, विटांतून उष्णता जवळजवळ जात नाही, म्हणून खालच्या कडेला तेव्हा काही सांगायची गरजच नव्हती. नवं दार बेतताना त्याने तीच फाइल घेतली, मापं बदलली, खाच घातली, नवी जाळी विणली. पण नवं दार विटांवर टेकत नव्हतं. भट्टीचा उंबरठाही नवा, लोखंडी नळीचा होता आणि तो वाकू नये म्हणून त्यातून चोवीस तास गार पाणी फिरत होतं. हे काय त्याला माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. त्या उंबरठ्याचं गणित त्यानेच केलं होतं, दुसऱ्या फाइलमध्ये.

या कामातली मेख अशी की ज्या कडेबद्दल तुम्ही काहीच बोलत नाही, ती कड कॉम्प्युटर पक्की बंद धरतो. तिच्यातून उष्णता ना आत, ना बाहेर. तो विचारत नाही, कुरकुरत नाही, लाल अक्षरांत काही लिहून दाखवत नाही. आत किती उष्णता गेली आणि बाहेर किती आली याचा पडताळा जाळीवाला दर वेळी घ्यायचा. तेव्हाही घेतला होता आणि तो दशांशापर्यंत जुळला होता. जुळणारच. जी वाट उघडलीच नाही तिच्यातून काही गेलं नाही, याची तक्रार कोण करणार?

त्याने खालची कड निवडली. उंबरठ्याचं गार पाणी तिला लावलं. ओंजळभर उडवलेलं पाणी काढून टाकलं. गणित चाळीस सेकंद चाललं.

वरचा भाग तापून फुगू बघत होता, तळ गार उंबरठ्याला चिकटून आखडून बसला होता, आणि सगळी ओढाताण खाचेच्या कोपऱ्यात येऊन साठली होती. कोपरा रक्तासारखा लाल. दार रोज तापत होतं, रोज निवत होतं, आणि तो कोपरा रोज थोडा थोडा फाटत होता. मामाने पाइप हातात घेतला असता किंवा नसता, दार फुटायचंच होतं.

आता माणसाने उठून सरळ मोठ्या साहेबांकडे जायला हवं होतं. केबिन काही परदेशात नव्हती, सतरा पावलांवर होती. जाळीवाला उठला, पिण्याच्या पाण्यापर्यंत गेला, दोन ग्लास पाणी प्याला आणि परत जागेवर येऊन बसला. त्याच्या डोक्यात जे चाललं होतं ते लिहायलासुद्धा लाज वाटते. मामाच्या निवृत्तीला आठ महिनेच राहिलेत. फार तर भट्टीवरून काढून स्टोअरमध्ये बसवतील, उलट उन्हाळ्यात बरंच ते. माझी अजून पंधरा वर्षं जायचीत. एकदा कळलं की जाळीवाल्याची कड राहिली, की माझ्या कुठल्या चित्रावर कोण विश्वास ठेवणार?

त्याने खालची कड पुन्हा रिकामी केली.

मग पाणी उडवायला घेतलं. ओंजळीचं बादलीएवढं केलं, कोपरा लाल होईना. पाणी आणखी गार केलं. दाराचा खालचा अर्धा भाग भिजवला. तरी होईना, तेव्हा पाणी सलग दोन मिनिटं पडत ठेवलं. तेव्हा कुठे कोपरा लाल झाला. एवढं पाणी उडवायला फरशी धुवायचा पाइप पुरत नाही, आगीचा बंब बोलवावा लागतो. पण चित्रात बंब दिसत नव्हता, फक्त रंग दिसत होते आणि रंग झकास आले होते. त्याने एक पान लिहिलं. शब्द सांभाळूनच लिहिले. 'अनवधानाने' असा शब्द वापरला, 'निष्काळजीपणे' असा नाही. शेवटचा परिच्छेद नेहमीचाच होता, प्रत्येक रिपोर्टाच्या तळाशी असतो तो. जुन्या रिपोर्टातून उचलून चिकटवला आणि खाली सही केली.

बुधवारी कमिटीने निकाल दिला. मामाला भट्टीवरून काढलं, स्टोअरमध्ये हातमोजे आणि झाडू वाटायला बसवलं, आणि नव्या माणसांना शिकवायचं त्याचं काम बंद केलं.

त्या दिवसापासून जाळीवाल्याला घास घशाखाली उतरेना. बायकोने दोनदा विचारलं, पोट बरं नाही का? तो हो म्हणाला. आरशापुढे दाढी करताना तो स्वतःला मनातल्या मनात एकेक शिवी मोजून देत होता आणि तेवढ्याने जरा बरं वाटतंय हे लक्षात आलं की आणखी एक देत होता. स्टोअरवरून जायला लागू नये म्हणून तो मागच्या दाराने ऑफिसात यायला लागला. रविवारी मात्र त्याच्याच्याने राहवलं नाही. दुपारी दोनच्या सुमाराला तो मामाच्या घरी गेला.

मामी दारातच भेटली. "ये रे ये. मी ह्यांना म्हणतच होते, सोन्या आला नाही कुठे? चेहरा बघ काय झालाय तुझा. जेवतोस का काही?"

"जेवून आलोय मामी."

"खोटं बोलू नकोस. बस, चहा टाकते." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "तू होतास म्हणून निभावलं रे. दुसरा कोणी असता तर घरीच बसवलं असतं ह्यांना."

जाळीवाल्याला वाटलं, जमीन फाटावी.

मामा आतल्या खोलीत खिडकीशी बसला होता. डाव्या हाताला पट्टी होती. उजव्या हातात त्याने दुमडलेला टॉवेल धरला होता आणि तो इकडून तिकडे फिरवत होता. भाच्याला पाहून त्याने टॉवेल खाली ठेवला.

"काय करतोयस मामा?"

"काही नाही रे. बघत होतो, पाइप कसा धरला असेल." मामा ओशाळून हसला. "पहिले दहा दिवस मला वाटत होतं की त्या दिवशी मी फरशी धुवायला घेतलीच नव्हती. अगदी शपथेवर सांगायला तयार होतो. मग साहेबांनी तुझा कागद वाचून दाखवला. चित्र दाखवलं. म्हटलं, सोन्याने लिहिलंय म्हणजे झालं असणार तसंच. आणि गंमत बघ, आता मला आठवायला पण लागलंय. पाइप हातात होता. पाणी दारावर गेलं. दिसतं मला."

मामा बोलत होता.

"वाईट कशाचं वाटतं सांगू? तुझं चांगलं दार मी घालवलं. पाच महिने सगळ्यांना दाखवत होतो, आणि मीच."

"मामा, गप्प बस."

"अरे, खरंय ते सांग—"

"तू पाणी उडवलं नाहीस!" तो एवढ्या मोठ्याने म्हणाला की स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. "तुला काही आठवत नाहीये. तू पाइपाला हातही लावला नव्हतास. दार माझ्यामुळे फुटलं. माझी एक कड राहिली होती. खालची. गार उंबरठ्यावर दार टेकतं हे मी गणितात घातलंच नाही. मला कळलं, आणि कळल्यावर मी ते दाबलं आणि तुझ्या नावावर पाणी टाकलं."

मग तो खाली फरशीवर बसला आणि उरलेलं सगळं सांगून मोकळा झाला. ओंजळ, बादली, दोन मिनिटं, सही. सांगताना त्याला रडू येत होतं आणि खरं सांगायचं तर थोडं हलकंही वाटत होतं. आता मामा चिडेल, थोबाडीत देईल, नाहीतर डोक्यावरून हात फिरवेल. दोन्हींची त्याने तयारी केली होती. मामी दाराशी येऊन उभी राहिली होती, तिच्या हातातली गाळणी टपटप गळत होती.

मामाने यातलं काहीच केलं नाही. त्याने खाली ठेवलेला टॉवेल बाजूला सारला. मग म्हणाला, "म्हणजे गार उंबरठ्यावर ते दार फुटणारच?"

"हो. आज ना उद्या."

"मग दोन नंबरच्या भट्टीचं काय?"

जाळीवाल्याने वर पाहिलं.

"दोन नंबरला तुझंच दार आहे ना? माझ्या दारानंतर महिन्याने बसवलेलं. उंबरठा तसाच. ती भट्टी चालू आहे सोन्या. आजही चालू आहे. चार माणसं आहेत तिथे."

जाळीवाल्याला तेव्हा आपल्या रिपोर्टाचा शेवटचा परिच्छेद आठवला, तो जुन्या कागदातून उचललेला. 'दाराच्या रचनेत दोष आढळला नाही. याच रचनेची अन्य दारे वापरात ठेवण्यास हरकत नाही.' खाली त्याची सही होती. इतके दिवस तो स्वतःला शिव्या देत होता, जेवण टाकत होता, मागच्या दाराने येत-जात होता, आणि त्या चार माणसांची त्याला एकदाही आठवण झाली नव्हती. आपल्या अपराधातच तो इतका गुंतून गेला होता.

"मी... माझ्या लक्षातच..." तो ततपप करू लागला.

मामा उठला. पायात बूट घालू लागला, एका हाताने नाडी बांधता येईना तेव्हा मामीने पुढे होऊन बांधली. "फोन लाव," मामा म्हणाला. "दोन नंबरच्या मुकादमाला लाव. म्हणावं, बर्नर बंद कर आणि दारापासून माणसं लांब घे. आम्ही येतो."

जाळीवाल्याने फोन लावला, मग दोघं गाडीत बसले. मामा समोरच्या रस्त्याकडे बघत होता. वाटेत एक सिग्नल लागला तो काही केल्या हिरवा होईना.

भट्टी निवायला संध्याकाळ झाली. घाई करून चालत नाही, एकदम निवली तर वेगळाच घोटाळा. मोठे साहेबही आले, घरच्या कपड्यांत. दार हाताला सोसवेल इतकं कोमट झाल्यावर मुकादमाने ते उचलून उलटं ठेवलं, खाचेच्या कोपऱ्यावर रॉकेल चोळलं, कोरडं पुसलं आणि वर पांढरा खडू फासला. सगळे वाकून बघत होते. आधी काही दिसलं नाही. मग खडूवर भेगेत मुरलेल्या रॉकेलची ओलसर रेघ उमटायला लागली, कोपऱ्यातून निघालेली, वर चढत गेलेली. चांगली वीतभर होती.

"बापरे," मुकादम म्हणाला. "चार दिवसांचासुद्धा भरवसा नव्हता ह्याचा." त्याचा चेहरा घामाने आणि सुटकेने चमकत होता. तो वळला आणि त्याने खडूने माखलेल्या दोन्ही हातांत जाळीवाल्याचा हात घट्ट धरला. "साहेब, वाचवलंत आम्हाला. आम्ही तुमची चेष्टा करतो, मासे किती म्हणतो, पण आज कबूल. सुट्टीच्या दिवशी धावत आलात."

"खरंच," मोठे साहेब म्हणाले. "हे तुम्ही फार वेळेवर पकडलंत."

मामा दोन पावलं मागे, खांबाशी उभा होता. आता नुसतं मान डोलावून घरी जाता आलं असतं. एक शब्द बोलावा लागला नसता, आणि मामाही बोलला नसता, हे जाळीवाल्याला पक्कं ठाऊक होतं.

"पण साहेब, तुम्हाला कळलं कसं हो?" मुकादमाने हात सोडला नव्हता. "आणि कधी?"

"परवाच्या आधीच्या शुक्रवारी," जाळीवाला म्हणाला.

मुकादमाला आधी ते नीट कळलं नाही. तो हसतच होता. मग त्याने मनात दिवस मोजले.

"म्हणजे नऊ दिवस?"

"हो."

"नऊ दिवस तुम्हाला माहीत होतं? आणि आम्ही रोज या दारापुढे..." मुकादमाने आपल्या तीन माणसांकडे पाहिलं. ती तिघं खडूच्या रेघेभोवती उकिडवी बसली होती, त्यांतला एक बोटाने रेघेची लांबी मोजत होता. मुकादमाने जाळीवाल्याचा हात सोडला आणि आपले दोन्ही हात पँटला पुसले.

मोठे साहेब जाळीवाल्याकडे नुसते बघत राहिले होते.

"पाण्याचंही सांग," मामा मागून म्हणाला.

जाळीवाला सांगू लागला.